मताधिकार : दिलेला की असलेला?

वरूडहून उत्तरेकडे निघालेला रस्ता थोड्याच वेळात मध्य प्रदेशात शिरतो. मुलताई, पांढुर्णा ही गावे वरूडच्या व्यापाऱ्याला परकी नाहीत. संत्र्याचा माल, उधारीची वसुली आणि सोयरीक अशा अनेक निमित्तांनी त्याचे तिकडे जाणे-येणे असते. निवडणुकीच्या दिवसांत या रस्त्याने जाताना फलकांवरचा एक शब्द बदललेला दिसतो. सीमेच्या अलीकडे ‘मतदार’ असतो, पलीकडे ‘मतदाता’. दोन्ही शब्द एकाच माणसाला उद्देशून आहेत, पण त्यांनी त्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे. हिंदीने त्याला दाता म्हटले, म्हणजे मताचे दान करणारा. मराठीने फारसीतून आलेला ‘दार’ हा प्रत्यय लावून त्याला धारक म्हटले. दुकानदार, खातेदार, जमीनदार या शब्दांच्याच ओळीत मतदार बसतो. दुकान ज्याचे तो दुकानदार, खाते ज्याचे तो खातेदार, आणि मत ज्याचे तो मतदार.

असे असताना याच विषयावर बोलताना मराठीत सर्रास दुसरे एक वाक्य लिहिले जाते : ‘अमुक साली सरकारने लोकांना मताधिकार दिला.’ या वाक्यात दाता सरकार होते आणि मतदार घेणारा होतो. जो धारक आहे, तोच याचक कसा झाला? हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. जे दिले जाते ते परत घेता येते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणून ‘मताधिकार’ हा शब्द कोणत्या क्रियापदासोबत वापरावा, याचा विचार करणे उपयोगाचे आहे.

शब्दांची कुळे

‘मत’ हा शब्द ‘मन्’ म्हणजे विचार करणे या संस्कृत धातूपासून आला. जे विचारपूर्वक मानले गेले ते मत. त्यामुळे आपल्या भाषेत मत आधी मनात असते आणि नंतर पेटीत पडते. अनेकांताचा संस्कार असलेल्या घरात हा अर्थ सहज उमगावा. प्रत्येक मत ही वस्तूकडे पाहण्याची एक बाजू असते, आणि एक बाजू ऐकलीच नाही तर निर्णय तेवढा अपुरा राहतो. इंग्रजीतील ‘व्होट’ या शब्दाचे मूळ मात्र लॅटिनमधील ‘वोटम’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ नवस, संकल्प किंवा मनापासून केलेली इच्छा. एका भाषेने या कृतीत विचार पाहिला, दुसरीने संकल्प पाहिला.

मताधिकाराला इंग्रजीत जो ‘फ्रॅन्चाइज’ शब्द आहे, तो व्यापारी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे, फक्त वेगळ्या अर्थाने. एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने दुकान चालविण्याची परवानगी म्हणजे ‘फ्रॅन्चायझी’. तिच्यासाठी करार होतो, रक्कम भरावी लागते, अटी पाळाव्या लागतात आणि अटी मोडल्या तर कंपनी ती काढून घेते. हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले. जुन्या फ्रेंच भाषेत ‘फ्रां’ म्हणजे मोकळा, स्वतंत्र. राजाने एखाद्या व्यक्तीला वा नगराला दिलेली सूट किंवा खास सवलत म्हणजे फ्रॅन्चाइज. त्याचेच क्रियापद पूर्वी गुलामाला मुक्त करणे या अर्थाने वापरले जाई. पुढे एखाद्या नगराला पार्लमेंटात प्रतिनिधी पाठविण्याची मुभा देणे असा त्याचा अर्थ झाला, आणि शेवटी माणसाला मताचा हक्क देणे असा. ज्या मँचेस्टरच्या बाजारपेठेशी पुढे वऱ्हाडच्या कापसाचे नाते जुळले, त्या मँचेस्टरला स्वतःचे प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क १८३२ च्या सुधारणा कायद्याने मिळाला.

इंग्रजीतील हे क्रियापद मराठीत आणताना एका शब्दाचे दोन शब्द झाले : ‘मताधिकार देणे’. त्याबरोबर राजाने सवलत बहाल केल्याचा जुना वासही मराठीत आला. वऱ्हाडाच्या इतिहासात हा वास किती काळ टिकून होता, हे पाहण्याजोगे आहे.

भाडेपट्ट्यावरचा प्रांत

वरूड ज्या वऱ्हाडात येते, तो प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १९०२ साली नवा करार झाला आणि वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. १९०३ मध्ये तो कारभारासाठी मध्य प्रांताला जोडण्यात आला. कारभार इंग्रजांचा, पण कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर दुकान एकाचे, गल्ल्यावर दुसरा, आणि दुकानात राबणाऱ्या माणसांना मात्र कोणीच विचारलेले नव्हते.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कायदेमंडळांसाठी निवडणुका आल्या, तेव्हा या व्यवस्थेचा पेच उघड झाला. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. मग तेथील लोकांनी निवडून दिलेला सभासद नागपूरच्या कायदेमंडळात बसणार कसा? त्यावर तोड अशी काढण्यात आली की वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावयाची, मते मोजावयाची, आणि जो निवडून येईल त्याची सरकारने नेमणूक करावयाची. नागपूरचा सभासद ‘निवडून आलेला’ म्हटला जाई, तर तेवढ्याच कष्टाने निवडून आलेला अमरावतीचा सभासद कागदावर ‘निवडणुकीच्या परिणामी नामनियुक्त’ ठरे. वऱ्हाडी माणसाने मत दिले होते, पण त्या मताचे फळ सरकारच्या सहीनेच त्याच्या पदरात पडत होते.

शिवाय ते मतही सर्वांना नव्हते. त्या काळचा मताधिकार शेतसारा, प्राप्तिकर, मालमत्ता अशा पात्रतांना बांधलेला होता. जो कर भरतो त्यालाच कारभारात बोलण्याचा हक्क, हे त्यामागचे तर्कशास्त्र. वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारात स्थिरावलेली पेढीवाली, अडत-दुकानवाली घराणी या मोजमापात सहज बसत होती. त्यांच्याच दुकानात पोती उचलणारा हमाल, जिनात रेचे चालविणारा मजूर आणि शेतात निंदणारी बाई त्यात बसत नव्हती. व्यापारी समाजाच्या पूर्वजांना मताधिकार लवकर मिळाला, तो त्यांच्या विचारशक्तीमुळे नव्हे तर त्यांच्या वहीतील आकड्यांमुळे, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. त्याच घरांतील स्त्रियांना मात्र तोच आकडा उपयोगी पडला नाही. मुंबई इलाख्यात स्त्रियांवरील बंदी १९२१ मध्ये उठली. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही मालमत्तेची अट होतीच.

या तर्कशास्त्राला आव्हान देणारे आवाज तेव्हाच उठले होते. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताधिकाराची पात्रता खाली आणण्याचा आग्रह धरला, आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही प्रौढ मताधिकाराची शिफारस होती. तरीही १९३५ च्या कायद्यानंतर १९३७ मध्ये झालेल्या निवडणुकांत ब्रिटिश प्रांतांतील सर्व मिळून साधारण तीन ते साडेतीन कोटी लोकच मतदार होते.

तीन निवडणुका, तीन राज्ये

संविधानाने हे सारे मोजमाप बाजूला ठेवले. अनुच्छेद ३२६ मध्ये लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका प्रौढ मताधिकारावर होतील असे म्हटले आहे. ठरलेल्या वयाचा आणि कायद्याने अपात्र न ठरलेला प्रत्येक नागरिक मतदार म्हणून नोंदला जाण्यास हक्कदार असेल, असा त्याचा आशय आहे. या वाक्यात दाता कोणी नाही. सरकार देईल, राष्ट्रपती देतील असे तेथे लिहिलेले नाही. नागरिक हक्कदार ‘असेल’ एवढेच आहे. ‘देणे’ या क्रियापदाची जागा ‘असणे’ या क्रियापदाने घेतली. अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख हे संविधान घडविणाऱ्या सभेचे सभासद होते, आणि पुढे अमरावतीच्या मतदारांनीच त्यांना १९५२ मध्ये लोकसभेत पाठविले.

या बदलाची कसोटी वऱ्हाडातच सर्वांत चांगली लागली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वरूडच्या माणसाने मत दिले, तेव्हा तो मध्य प्रदेशाचा रहिवासी होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९५७ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्याचा मतदार होता. १९६२ मध्ये तो महाराष्ट्राचा मतदार झाला. दहा वर्षांत तीन निवडणुका झाल्या आणि त्या तीन वेगवेगळ्या राज्यांत झाल्या. राज्य बदलले, राजधानी बदलली, विधानसभा बदलली, पण मताधिकार त्याच माणसापाशी राहिला. तो एखाद्या राज्य सरकारने दिलेला असता, तर त्या सरकारबरोबर गेलाही असता. आजही वरूड तालुका अमरावती जिल्ह्यात असला तरी मोर्शी विधानसभा मतदारसंघातून तो वर्धा लोकसभा मतदारसंघाला जोडलेला आहे. सीमारेषा कारभाराच्या सोयीसाठी असतात; हक्क माणसासोबत चालतो.

याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यात मत देण्याचा व निवडणूक लढविण्याचा हक्क हा कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे असे म्हटले, आणि पुढील अनेक निकालांत हीच भूमिका दिसते. २००३ च्या एका निकालात मात्र प्रत्यक्ष मत देणे हे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले गेले. विधिज्ञांची ही चर्चा संपलेली नाही. त्यावरून एवढे लक्षात घ्यावे की ‘असणे’ आणि ‘देणे’ यांतील ओढाताण केवळ शब्दकोशातील नसून न्यायालयातही चालू आहे.

नाव नसेल तर

हक्क असूनही तो हातात येत नाही, असे कधी घडते? पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या तयार होताना त्याचे उत्तर मिळाले. देशभरात सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद करावयाची होती. उत्तर व मध्य भारतातील असंख्य स्त्रियांनी नोंदणी करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. त्यांचा हक्क कोणी काढून घेतलेला नव्हता. फक्त तो कोणाच्या नावावर लिहावा, हेच यादीला कळले नाही.

व्यापारी घरात खातेवहीचे महत्त्व ठाऊक असते. ज्याचे खाते नाही त्याची जमा दाखवावी कोठे? मतदार यादीचेही तसेच आहे, आणि आजच्या कुटुंबांत तिचे विस्मरण अनेक प्रकारे होते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते. नागपूर-पुण्याला शिकायला वा दुकान थाटायला गेलेल्या मुलाचे नाव वरूडच्याच यादीत असते आणि मतदानाच्या दिवशी तो पोहोचत नाही. काही घरांत दोन्ही ठिकाणी नाव असावे असा प्रयत्न होतो. तो कायद्याला मान्य नाही : १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका व्यक्तीचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांत असू शकत नाही. गावात घर मालकीचे आहे एवढ्याच कारणाने माणूस तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट आहे. जेथे खरोखर राहणे आहे, तेथेच नोंद असावी.

त्यासाठीची व्यवस्था सोपी आहे. प्रथमच नोंदणी करणाऱ्याने नमुना ६ भरावा, आणि पत्ता बदलला असेल वा नावात दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८. मतदानाचे वय १९८९ पासून २१ ऐवजी १८ वर्षे आहे. पूर्वी केवळ १ जानेवारी ही तारीख धरून वय मोजले जाई. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. त्यामुळे घरातील मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची होताच फार थांबावे लागत नाही.

बाजार समितीतील धडा

‘देणे’ हे क्रियापद जेथे अजूनही अचूक लागू पडते, असे एक ठिकाण व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारात आहे. ते म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समिती. वरूडच्या बाजारात आंबिया आणि मृग बहाराचा संत्रा येतो, हर्रास होतो, अडते, व्यापारी, हमाल, मापारी सारे एकाच आवारात राबतात. या बाजाराचा कारभार पाहणारी समिती १९६३ च्या राज्य कायद्याने घडते. तिच्या प्रचलित रचनेत १८ संचालक निवडून येतात : ११ सेवा सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतींच्या, २ व्यापारी-अडत्यांच्या आणि १ हमाल-मापाऱ्यांच्या. परवानाधारक व्यापारी येथे स्वतः मत देतो. ज्याच्या मालावर हा बाजार उभा आहे तो शेतकरी मात्र थेट मत देत नाही. त्याच्या गावच्या संस्थेचे आणि ग्रामपंचायतीचे सभासद त्याच्या वतीने मत देतात.

२०१७ मध्ये राज्य सरकारने हा कायदा बदलला. किमान १० गुंठे जमीन असलेल्या आणि बाजार समितीत ठरावीक वेळा माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मताधिकार देण्यात आला. २०२० मध्ये नव्या सरकारने तो निर्णय फिरविला आणि जुनी पद्धत परत आणली. २०२२ च्या जुलैत त्यानंतरच्या सरकारने शेतकऱ्यांना पुन्हा मताधिकार देण्याचा निर्णय घेतला. शेतकरी तोच, शेत तेच, संत्रा तोच; सरकार बदलले की त्याचे मतदारपण बदलले. निवडणुकीचा वाढता खर्च समितीने सोसावा कसा, ही अडचण खरी होती, आणि प्रत्येक माल विकणाऱ्याला बोलता यावे हा आग्रहही न्याय्य होता. त्यांपैकी कोणता निर्णय योग्य, यावर दुमत होऊ शकते. ज्या हक्काला ‘दिला’ हेच क्रियापद लागते, त्याच्या पाठोपाठ ‘घेतला’ हे क्रियापद केव्हाही येऊ शकते, यावर मात्र दुमत होऊ नये.

व्यापाऱ्याने या उदाहरणाकडे दुरून पाहू नये. समितीतील त्याचे स्वतःचे मतही परवान्याला बांधलेले आहे. परवाना संपला की मत संपले. कर भरणारा म्हणून १९२० मध्ये जे मत त्याच्या घराला मिळाले, त्याच जातीचे हे मत आहे. ते उपयोगी आहे, आदराचे आहे, पण ते फ्रॅन्चायझीसारखे आहे. लोकसभेच्या यादीतील मत तसे नाही. तेथे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या हमालाचे आणि त्याचे मत एकाच वजनाचे आहे, आणि त्या काट्यावर परवाना विचारला जात नाही.

शब्द वापरावा कसा

आता भाषेचा हिशेब मांडता येईल. सहकारी संस्था, बाजार समिती, मंडळे अशा कायद्याने वा घटनेने घडविलेल्या संस्थांत सभासदांना ‘मताधिकार देण्यात आला’ असे लिहिणे बरोबर आहे, कारण तेथे देणारा आहे आणि त्याला तो मागेही घेता येतो. नागरिकाविषयी लिहिताना मात्र ‘मताधिकार आहे’, ‘मताधिकार मान्य झाला’, ‘मताधिकारावरील बंदी उठली’ असे म्हणणे अधिक नेमके. १९५० मध्ये भारतीय स्त्रीला मताधिकार ‘दिला’ असे म्हटले की तो कोणाच्या तरी तिजोरीतून निघाला असे वाटते. ‘मान्य झाला’ म्हटले की तो तिचाच होता आणि इतरांच्या ध्यानात उशिरा आला, हे कळते.

‘मतदान’ या शब्दातील दानही असेच नीट समजून घ्यावे. दानाची पहिली अट अशी की वस्तू आपली असावी, आणि दुसरी अशी की बदल्यात काही घेऊ नये. मोबदला घेऊन दिलेले ते दान नव्हे. त्याला व्यवहार म्हणतात. दानाचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना हे सांगण्याची गरज पडू नये.

आणखी एक शब्दप्रयोग घरातला आहे. ‘आमच्या घरी मी सांगतो तिथेच सगळी मते पडतात’, असे कुटुंबप्रमुख अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्याच्या घरात पाच मतदार असूनही मत एकच असते. समाजाच्या काही संस्थांत घरटी एकच मत धरण्याची रीत असते, आणि ते बहुधा घरातील वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावे असते. संस्थेला तो नियम ठेवण्याची मुभा आहे. पण पहिल्या निवडणुकीत अमक्याची पत्नी म्हणून वगळल्या गेलेल्या २८ लाख स्त्रियांची आठवण ठेवून, पुढच्या सर्वसाधारण सभेत त्या नियमाचा विचार करता येईल. सुनेला मताधिकार द्यावा का, असा प्रश्न तेथे कोणी मांडला तर त्याची भाषाही तेव्हाच दुरुस्त करावी. तिला मत आहेच. संस्थेच्या वहीत तिचे नाव लिहावयाचे राहिले आहे, इतकेच.